व्हीएलसी मीडिया प्लेअर

संगणकावर व मोबाइलवर चित्रफिती पाहण्यासाठी आणि ध्वनिफिती ऐकण्यासाठी वापरले जाणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ‘व्हिडिओलॅन’ ही फ्रान्समधील ना-नफा संस्था ते सांभाळते. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस अशा बहुतेक सर्व प्रणालींवर ते चालते. त्याला पैसे पडत नाहीत, त्यात जाहिराती नाहीत आणि खाते उघडण्याची भानगड नाही. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात संस्थेने डाउनलोडचा आकडा ६०० कोटींवर गेल्याचे जाहीर केले. रोजच्या वापरातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हटले की फायरफॉक्स, लिबरऑफिस, गिम्प ही नावे निघतात. पण ती घेणारा बहुधा काही विचार करून घेतो. व्हीएलसीचे तसे नाही. मुक्तस्रोत हा शब्दही न ऐकलेल्या माणसाने ते ‘यात सगळं चालतं’ एवढ्याच कारणाने घेतले, आणि ते कारण खरे आहे.

उगम : पॅरिसच्या दक्षिणेला शातने-मालाब्री येथे ‘एकोल सांत्राल पारी’ या अभियांत्रिकी संस्थेचा निवासी परिसर होता. तेथील संगणकजाळे विद्यार्थीच चालवत. १९९०च्या दशकाच्या मध्यास ते जुने टोकन रिंग पद्धतीचे जाळे फार धिमे पडू लागले. विद्यार्थ्यांना नवे, वेगवान जाळे हवे होते, आणि त्यामागे अभ्यासापेक्षा एकमेकांशी गेम खेळण्याची हौस मोठी होती, हे त्यांनीच पुढे हसत कबूल केले आहे. संस्थेने पैशांची वाट स्वतः शोधायला सांगितले. ती सापडली टीएफ-१ ही दूरचित्रवाहिनी ज्यांच्या मालकीची आहे त्या बुईग उद्योगसमूहाकडे. उपग्रह वाहिन्या पाहण्यासाठी खोलीखोलीवर तबकडी आणि डिकोडर बसवण्यापेक्षा एकच तबकडी लावून तिचे चित्र जाळ्यातून सर्व खोल्यांत पोचवावे, अशी ती कल्पना. १९९६ मध्ये काम सुरू झाले. चित्र पाठवणारा तो ‘व्हिडिओलॅन सर्व्हर’ आणि ते घेऊन पडद्यावर दाखवणारा तो ‘व्हिडिओलॅन क्लायंट’. व्हीएलसी ही तीन अक्षरे या दुसऱ्या नावाची. पुढे सर्व्हरची बरीच कामेही क्लायंटनेच उचलली, आणि लघुरूप तेवढे मागे उरले.

१९९८ मध्ये सगळे काम नव्याने लिहायला घेण्यात आले. दरवर्षी जुने विद्यार्थी बाहेर पडणार आणि नवे येणार, म्हणून रचना अशी हवी होती की एका भागाला हात लावताना बाकीचा डोलारा कोसळू नये. त्यातून मधोमध छोटा गाभा आणि भोवती शेकडो सुटे घटक ही मांडणी आली. एक घटक फाइल वाचतो, दुसरा चित्र आणि आवाज वेगळे करतो, तिसरा उलगडतो, चौथा पडद्यावर टाकतो. संस्थेच्या संचालकांची परवानगी मिळायला मात्र वेळ लागला. १ फेब्रुवारी २००१ रोजी ग्नू सार्वजनिक परवान्याखाली, म्हणजे जीपीएलखाली, सारा आज्ञावलीसंच खुला झाला. त्यानंतर फ्रान्सबाहेरची माणसे हातभार लावू लागली. २००९ मध्ये व्हिडिओलॅन ही कॉलेजापासून वेगळी, स्वतंत्र संस्था झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये १.० ही आवृत्ती निघाली. तेरा वर्षे चाललेल्या सॉफ्टवेअरने स्वतःला ‘पहिली आवृत्ती’ म्हणवून घ्यायला एवढा वेळ घ्यावा, हा या मंडळींचा स्वभाव दिसतो. २.० ही आवृत्ती २०१२ मध्ये आणि ३.० ही २०१८ मध्ये आली. १.१ पासूनच्या आवृत्त्यांना टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतील पात्रांची नावे दिली आहेत.

नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा कोन हे बोधचिन्हही त्याच वसतिगृहातले. जाळे चालवणाऱ्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरचे असे बरेच कोन गोळा करून ठेवले होते. नाताळच्या सुमारास या कोनावर सांताक्लॉजची लाल टोपी चढते आणि पुढे आपोआप उतरते. कामाच्या संगणकावर डिसेंबरअखेरीस ती टोपी पाहून व्हायरस आला की काय, असे समजणारे भेटतात.

कार्य : व्हीएलसीने जे नाव कमावले ते फाइलींच्या गोंधळातून. एव्हीआय, एमकेव्ही, एमपीफोर ही नुसती डब्यांची नावे; आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे ते झाकणावरून कळत नाही. ती दाबण्या-उलगडण्याची पद्धत म्हणजे कोडेक. विंडोज एक्सपीच्या काळात नवी फाइल आली की मूळ प्लेअर हात वर करी, मग कुठून तरी कोडेकचा गठ्ठा आणून बसवा, त्याने दुसरेच काही बिघडवले की तो काढा, हा उद्योग सायबर कॅफेपासून कॉलेजच्या होस्टेलपर्यंत सगळ्यांनी केलेला आहे. व्हीएलसी लागणारे जवळजवळ सर्व कोडेक स्वतःच्या पोटात घेऊनच येते आणि विंडोजच्या कोडेकांना विचारतही नाही. यातला मोठा वाटा एफएफएमपेग या दुसऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पाचा आहे, आणि व्हीएलसीचे कौतुक करताना त्याचे नाव सहसा राहून जाते.

दुसरा गुण जन्मजात आहे. जाळ्यातून येणाऱ्या चित्राचे तुकडे वाटेत हरवतात, उलटसुलट पोचतात, आणि प्रेक्षक तर मधेच येऊन बसतो. त्यामुळे हाती आले तेवढ्यावर भागवायचे, अडून बसायचे नाही, ही सवय व्हीएलसीला पहिल्यापासून लागली. म्हणूनच अर्धवट उतरलेली चित्रफीतही ते दाखवू लागते. एव्हीआय फाइलची सूची शेवटी असते. शेवटच गायब असेल तर व्हीएलसी विचारते की आधी सूची बांधू, की आहे तशीच चालवू. नेहमीच्या प्लेअरमध्ये अशा वेळी ‘फाइल खराब आहे’ एवढाच निरोप मिळतो.

महाराष्ट्रात याचा उपयोग जुन्या तबकड्यांना झाला. २००० नंतरच्या दशकात मराठी नाटकांच्या आणि भक्तिगीतांच्या व्हीसीडी घरोघरी होत्या. त्यातले चित्र ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॅट’ फाइलीत असते. ती संगणकावर उतरवून घेतली तर कित्येक प्लेअर तिला ओळखतच नाहीत, व्हीएलसी ओळखते. लग्नाच्या शूटिंगच्या डीव्हीडीचेही तसेच. आत एकेक जीबीपर्यंतचे ‘व्हीओबी’ तुकडे असतात. सीमांतपूजन एका तुकड्यात, मंगलाष्टके दुसऱ्यात. ‘व्हिडिओ टीएस’ हे सगळे फोल्डरच व्हीएलसीमध्ये उघडले की ते सलग चालतात. चरा पडलेल्या तबकडीतून फाइली आधी संगणकावर घेता आल्या तर घ्याव्यात. चरा कोणतेही सॉफ्टवेअर बुजवत नाही.

काही सोयी मेनूत दडलेल्या आहेत आणि त्या माहीत नसल्यामुळे लोक उगाच दुसरी साधने शोधत बसतात. ध्वनिमुद्रणाची गती कमी केली तरी स्वर उतरत नाही, त्यामुळे मुलाखत ऐकून टंकलेखन करणाऱ्यांना आणि बंदीश बसवणाऱ्या विद्यार्थ्यांना ते सोयीचे पडते. एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवता येतो. तिहाई हातात बसेपर्यंत एवढे पुरते. आवाज १०० टक्क्यांच्या पुढे नेता येतो, मात्र लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरवर ते रोज करू नये. सबटायटल संवादाच्या मागे पडत असतील तर ‘जी’ ही कळ आणि पुढे पळत असतील तर ‘एच’. एका दाबाला ५० मिलिसेकंदांचा फरक पडतो. आवाज आणि ओठ जुळत नसतील तर हेच काम ‘जे’ व ‘के’ करतात.

देवनागरी सबटायटल : मराठी सबटायटल फाइल उघडल्यावर पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात, ही नेहमीची तक्रार. प्रश्नचिन्हे दिसली तर दोष बहुधा फाइलीत असतो. ती नोटपॅडमध्ये जुन्या ‘अॅन्सी’ पद्धतीने साठवली की देवनागरी अक्षरे जागीच नष्ट होतात, मग व्हीएलसीला दोष देऊन उपयोग नाही. मूळ मजकूर पुन्हा घेऊन यूटीएफ-८ पद्धतीने साठवावा लागतो. चौकोन दिसले तर टंकाचा प्रश्न समजावा आणि सेटिंगमधील सबटायटलच्या पानावर मंगल, निर्मला किंवा नोटो देवनागरी यांपैकी टंक निवडावा. रफार, जोडाक्षरे, ऱ्हस्व वेलांटी यांची जागा ठरवण्याचे काम व्हीएलसी हार्फबझ या मुक्तस्रोत घटकाकडून करून घेते. श्रीलिपी-शिवाजीसारख्या जुन्या टंकांत टाइप केलेल्या मजकुराला मात्र आधी युनिकोडमध्ये बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

परवाना : २०१० मध्ये एका फ्रेंच कंपनीने व्हीएलसी आयफोन-आयपॅडवर आणले. अॅपलच्या अॅप स्टोअरच्या अटी जीपीएलशी विसंगत आहेत, अशी हरकत व्हीएलसीच्याच एका प्रमुख विकासकाने, रेमी देनी-कूरमों यांनी घेतली आणि जानेवारी २०११ मध्ये ते अॅप तेथून गेले. बाहेरच्यांना हे घर फिरल्यासारखे वाटले, पण हरकतीत तथ्य होते : ज्या परवान्यावर आपण लिहिले तो पाळला जावा एवढेच मागणे होते. यानंतर गाभ्याचा परवाना जीपीएलवरून तुलनेने सैल अशा एलजीपीएलवर नेण्याचे ठरले. हे अध्यक्षांनी फतवा काढून होत नाही, कारण प्रत्येक ओळीचा हक्क ती लिहिणाऱ्याकडे असतो. संस्थेचे अध्यक्ष झां-बाप्तिस्त कांफ यांनी वर्षानुवर्षांपूर्वी हातभार लावून गेलेल्या शेकडो जणांना गाठून संमती मिळवली. गाभ्याचे काम २०११ मध्ये आणि बहुतेक घटकांचे २०१२ मध्ये झाले. जुलै २०१३ मध्ये व्हीएलसी आयफोनवर परतले.

व्हीएलसी विकत का घेता येत नाही, याचेही उत्तर इथेच आहे. ते एका मालकाचे नाही. जाहिराती घालण्यासाठी कोट्यवधी युरोंचे देकार आले आणि ते नाकारले, असे कांफ यांनी वेळोवेळी सांगितले आहे. संस्था देणग्यांवर चालते. कांफ यांनी २०१२ मध्ये काढलेली ‘व्हिडिओलॅब्ज’ ही वेगळी कंपनी व्यावसायिक कामे करते. २०१८ मध्ये त्यांना फ्रान्सचा राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान मिळाला. पहिल्यांदा उघडताना व्हीएलसी एक चौकट दाखवून गाण्याची माहिती इंटरनेटवरून आणू का, असे विचारते. नको म्हटले तरी काही अडत नाही. कोण काय पाहतो याची नोंद ते कुणाकडे पाठवत नाही.

भारतातील अडवणूक : फेब्रुवारी २०२२ पासून भारतातील अनेक इंटरनेट कंपन्यांच्या जोडणीवर व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ उघडेनासे झाले. सॉफ्टवेअरवर बंदी नव्हती, प्ले स्टोअरवर अॅप मिळत होते, बंद होते ते अधिकृत संकेतस्थळ. संस्थेला आधी नोटीस नाही, बाजू मांडण्याची संधी नाही आणि आदेशाची प्रतही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’च्या मदतीने संस्थेने दूरसंचार विभाग आणि इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय यांना कायदेशीर नोटीस पाठवली, नोव्हेंबरमध्ये संकेतस्थळ पुन्हा खुले झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली संकेतस्थळे बंद करण्याची कार्यवाही गुप्त राहते, आणि त्याचा फटका कसा बसतो याचे हे ठळक उदाहरण आहे. खरा दरवाजा बंद केल्याने लोक व्हीएलसी घ्यायचे थांबले नाहीत. ते कुणीही उभारलेल्या आडवाटेच्या संकेतस्थळांकडे वळले, जिथे मूळ सॉफ्टवेअरला काय चिकटवले आहे हे कुणी सांगू शकत नाही.

आज्ञावली खुली म्हणजे ती निर्दोष असे नव्हे. २०१९ मध्ये युरोपीय आयोगाने व्हीएलसीतील सुरक्षादोष दाखवणाऱ्यांना बक्षिसे लावली. त्यातून आलेल्या ३.०.७ या आवृत्तीत तीसहून अधिक दोष एका दमात दुरुस्त झाले. खुलेपणाचा लाभ एवढाच की बाहेरच्याला ते शोधता येतात. म्हणून वर्षानुवर्षे जुनी आवृत्ती ठेवून बसणे शहाणपणाचे नाही.

मर्यादा : दिसायला व्हीएलसी जुनाट आहे. सेटिंगची ‘सर्व’ ही बाजू उघडली की नवखा माणूस तिथेच हरवतो. गाण्यांचा मोठा संग्रह लावायला ते कामाचे नाही आणि फाइलींचे रूपांतर त्यात होत असले तरी त्यासाठी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर अधिक सरळ आहे. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचे कुलूपबंद चित्रपट त्यात चालत नाहीत. ३.० नंतरची मोठी आवृत्ती फार रेंगाळली. व्हिडिओलॅनचे सर्वांत मोलाचे काम मात्र कदाचित प्लेअरच्या बाहेरच आहे. तिच्या छत्राखाली घडलेल्या एक्स२६४ या एन्कोडरने इंटरनेटवरच्या व्हिडिओचा मोठा भाग दाबून भरला, आणि २०१८ मध्ये आलेला डेव्हवनडी हा एव्हीवन पद्धतीचा डिकोडर आज क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांतही आहे.

व्हीएलसी घ्यायचे तर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या संकेतस्थळावरून, मोबाइलच्या अधिकृत स्टोअरवरून किंवा लिनक्सच्या भांडारातून घ्यावे. जे पैसे, नाव किंवा फोन नंबर मागते, अथवा बसवताना सोबत आणखी एखादे सॉफ्टवेअर घालू पाहते, ते व्हीएलसीच्या नावावर चाललेले दुसरेच काही समजून लगेच काढून टाकावे.