थकबाकीचं पान

रायपुरात लाखेनगर ठाऊक नाही असा माणूस मिळणार नाही. वामनराव लाखे म्हटलं की लोकांना त्यांच्या नावाची शाळा आठवते, 1930 च्या सत्याग्रहातले ‘पाच पांडव’ म्हटले जाणारे पाच नेते आठवतात. वामनराव त्यातले युधिष्ठिर. वाचनाची आवड असलेल्यांना ‘छत्तीसगढ मित्र’ आठवतो. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी 1900 साली पेंड्र्याहून काढलेल्या त्या हिंदी मासिकाचे प्रकाशक वामनराव होते. मासिक तीन वर्षांत बंद पडलं, पण 1913 मध्ये त्यांनी रायपुरात जी सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली ती टिकली. 1936 पर्यंत ते तिचे मानद सचिव होते, पुढे काही वर्षं अध्यक्ष. या बँकेविषयी मात्र कोणी बोलत नाही, आणि मला ते खटकतं.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलो, आणि नोकरीची सगळी वर्षं सहकारी संस्थांच्या वह्या तपासण्यात गेली. बँकेचा इतिहास लिहिणारे किती सभासद झाले, किती ठेवी जमल्या, किती कर्ज वाटलं हे लिहितात. मला वाटतं, बँकेचा खरा इतिहास थकबाकीच्या पानावर असतो. दिलेलं कर्ज परत येणार नाही, हे बँक स्वतःच्या वहीत कधी लिहिते आणि कसं लिहिते, यावर तिची नियत कळते.

बँक येण्याआधी इथला व्यवहार धानाचा होता. वीस काठ्यांची खंडी, वीस खंड्यांचा गाडा. पेरणीला मालगुजाराच्या किंवा सावकाराच्या कोठीतून बियाणं उचलायचं आणि कापणीनंतर सवाईनं किंवा दिढीनं परत करायचं. म्हणजे एका खंडीला सव्वा किंवा दीड खंडी. महिने चार-पाचच, पण वाढ पंचवीस ते पन्नास टक्के. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात परगण्याचा हिशेब कमाविसदार आणि फडणवीस ठेवत, मोडीत. तो हिशेब सरकारी वसुलीचा. कुळानं कोठीतून काय उचललं याची नोंद सावकाराच्या वहीत, आणि ती वही कुळाला वाचता येत नसे. 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तानं मालगुजारांना गावाची मालकी दिली. गाव विकता येऊ लागलं, गहाण टाकता येऊ लागलं, आणि कर्जाचा आकार एकदम वाढला. मग रेल्वे आली, धान बाहेर जाऊ लागलं. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी रायपूर जिल्हा पार मोडला.

याच मुलखात गावाची स्वतःची सोयही होती, रामकोठी. गावकऱ्यांनी मिळून साठवलेलं धान, अडल्यानडल्याला द्यायचं, पीक आल्यावर थोडं वाढवून परत घ्यायचं. काही गावांत ती आजही आहे. रामकोठीत लपवाछपवीला जागा नसते. धान आलं की कोठी भरते, नाही आलं की रिकामी दिसते, आणि ती सगळ्या गावाला दिसते. कागदावरच्या बँकेत नेमकं हेच दिसेनासं होतं.

सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 चा. त्यात गावच्या संस्थांना पैसा पुरवणाऱ्या जिल्ह्याच्या बँकेची सोय नव्हती. ती 1912 च्या कायद्यानं झाली आणि पुढच्याच वर्षी रायपूरची बँक निघाली. शहरातले वकील, मालगुजार, नोकरदार यांनी ठेवी ठेवायच्या, बँकेनं त्या गावच्या सोसायट्यांना द्यायच्या, सोसायटीनं शेतकऱ्याला. गावच्या सोसायटीत जबाबदारी अमर्याद. एकानं बुडवलं तर बाकीच्यांची जमीन त्या कर्जापोटी जाऊ शकत होती. म्हणून 1912 च्या कायद्यातलं 17 वं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. दरवर्षीच्या तपासणीत थकलेल्या कर्जांची छाननी आणि येण्या-देण्याचं मूल्यमापन झालंच पाहिजे, असं ते सांगतं. नफ्यातला निदान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकण्याचं बंधनही त्याच कायद्यातलं. बँकांसाठीचे लेखाविषयक नियम आपल्याकडे 1990 नंतर आले असं समजणाऱ्यांनी हे कलम वाचावं.

कलम होतं, पण त्याला चुकवण्याची वाटही लवकरच सापडली. तिला आमच्या धंद्यात ‘नवं-जुनं’ म्हणतात. समजा शेतकऱ्याकडे शंभर रुपये मुद्दल आणि बारा रुपये व्याज येणं आहे. मार्चअखेर आली, पैसे नाहीत. सोसायटीचा चिटणीस वहीत 112 रुपये जमा दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी 112 रुपयांचं नवं कर्ज नावे टाकतो. पेटीतून एक पैसा हललेला नसतो. वसुली मात्र शंभर टक्के दिसते. पुढच्या वर्षी व्याज 112 वर. तीन वर्षांत हाच आकडा 140 च्या वर जातो, आणि वरचे चाळीस रुपये बँकेचं उत्पन्न म्हणून धरले जातात. त्यावर लाभांशही वाटला जातो, म्हणजे न आलेला पैसा आला असं धरून खरा पैसा वाटायचा. असं तीन-चार वर्षं चाललं की शेतकऱ्यालाही आपलं मूळ कर्ज किती होतं ते आठवत नाही.

हे ओळखायची खूण साधी असते. जमा आणि नावे एकाच आकड्याचे, एक-दोन दिवसांच्या अंतरानं, एकाच खात्यावर, आणि रोजकीर्दीत त्या दिवशीची शिल्लक मात्र जशीच्या तशी. माझ्या तपासणीत आलेल्या एका सोसायटीत मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली जवळजवळ सगळी पानं अशी होती. चिटणीस वाईट माणूस नव्हता. वसुली कमी दिसली तर गावाला खरिपाचं कर्ज मिळणार नाही, ही त्याची भीती खरी होती. पण त्या भीतीपोटी त्यानं ज्यांचं कर्ज फुगवलं ते त्याच्याच गावचे शेतकरी होते.

रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं, आणि त्या प्रांतात हे दुखणं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातच दिसू लागलं होतं. 1929 नंतरच्या मंदीत ते उघड्यावर आलं. धानाचा भाव कोसळला की रुपयातलं कर्ज तेवढंच राहतं, पण ते फेडायला धान दुप्पट लागतं. भाव निम्मा झाला तर शंभर रुपयांसाठी जिथे दहा खंड्या विकायच्या तिथे वीस विकाव्या लागतात, आणि शेत तर तेवढंच. अमर्याद जबाबदारीमुळे ज्यांनी वेळेवर फेडलं त्यांच्याही जमिनींवर टाच आली; लोकांचा सहकारावरचा विश्वास तिथे उडाला. अखेर मध्य प्रांतानं 1933 मध्ये कर्जतडजोड मंडळांचा कायदा केला, असा कायदा करणारा देशातला पहिला प्रांत. सावकार आणि ऋणको समोरासमोर बसून येणं कमी करू लागले. वहीतला फुगलेला आकडा खरा नाही, हे तिथे कायद्यानंच मान्य केलं.

मंदीची ही वर्षं वामनराव बँकेत होते. त्यांनी सहकार सोडला नाही. 1945 मध्ये, आयुष्याच्या उतरणीला, बलौदाबाजारला शेतकऱ्यांची सहकारी राइस मिल उभी केली. मला हा निर्णय मोलाचा वाटतो. धानावर प्रक्रिया करून भाव मिळाला तर कर्ज फिटेल, हा विचार वसुलीच्या नोटिसांपेक्षा कितीतरी पुढचा आहे. 1948 मध्ये ते गेले.

नवं-जुनंच्या जोडीला थकलेल्या कर्जावर दंडाचं व्याज लावायचं आणि तेही उत्पन्नात धरायचं, ही आपल्या बँकांची जुनी खोड. इस्लामी वित्तव्यवहारात याला मनाई आहे. तिथे व्याजच नाही. बँक वस्तू विकत घेऊन नफा ठरवून हप्त्यानं विकते; हा मुराबहा. त्यातला नफा हप्त्यांच्या मुदतीवर विभागून दाखवायचा असतो. उशिरा भरणाऱ्याकडून दंड घेतला तर तो बँकेच्या नफ्यात न धरता दानधर्माकडे वळवतात. धनको दुसऱ्याच्या अडचणीतून कमवणार नाही, हे तिथे हिशेबाच्या पद्धतीतच बसवलेलं आहे. बोहरा समाजात कर्ज-ए-हसना, म्हणजे मुद्दल तेवढंच परत घेण्याची रीत, आजही चालते. भारतात बँकांना इस्लामी व्यवहारांची स्वतंत्र खिडकी उघडू द्यायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये ठरवलं. तरी दंडाचा तो नियम आपण उचलायला हवा होता, असं मला वाटतं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं दंडाचं व्याज बंद करून फक्त दंडशुल्क घ्यायला आणि त्यावर व्याज न चढवायला सांगितलं, ते त्याच दिशेचं पाऊल आहे.

नरसिंहम समितीच्या 1991 च्या अहवालानंतर बँकांना न आलेलं व्याज उत्पन्नात धरता येईनासं झालं, आणि 1996-97 पासून हे नियम जिल्हा सहकारी बँकांनाही लागले. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की ते अनुत्पादक. अनेक बँकांचे नफे त्या वर्षांत कागदावरून उतरले, आणि मला ती वर्षं चांगली वाटतात. निदान खरं दिसू लागलं.

छत्तीसगडात आता पीककर्ज शून्य टक्के व्याजानं मिळतं, आणि सोसायटीत धान विकलं की कर्ज त्यातून कापलं जातं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे रामकोठीच्या जवळचं आहे. पण व्याज कुणी सोडलेलं नाही. बँकेच्या वहीत ते सरकारकडून येणं म्हणून उभं राहतं. 17 डिसेंबर 2018 ला नव्या सरकारनं शपथविधीनंतर काही तासांत कर्जमाफी जाहीर केली. सोळा लाखांहून अधिक शेतकरी आणि सहा हजार कोटींहून अधिक रक्कम. शेतकऱ्याचं खातं कोरं झालं, याचा मला आनंद आहे. पण माफी म्हणजे वसुली नव्हे. ती वसुलीच्या रकान्यात टाकली तर सोसायटी कशी चालली आहे हे कुणालाच कळणार नाही, आणि सरकारचे पैसे यायला उशीर झाला तर तो उशीरही दिसणार नाही.

2022 पासून देशभरातल्या प्राथमिक सोसायट्यांचे हिशेब संगणकावर नेण्याचं काम सुरू झालं आहे. जुन्या वह्या त्यात रद्दीला जाण्याची भीती मोठी आहे. ज्यांच्या सोसायटीत जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या उरल्या असतील त्यांनी त्या विकू देऊ नयेत. या जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास त्यांच्यापेक्षा चांगला दुसरीकडे लिहिलेला नाही. आणि पुढच्या आमसभेला जाल तेव्हा नफा किती झाला हे विचारण्याआधी थकबाकीची यादी मागा. त्यातली किती रोख आली, किती नवं-जुनं झालं आणि किती सरकारकडून यायची आहे, हे वेगवेगळं वाचून दाखवायला सांगा. तो सभासदाचा हक्क आहे.