पाच दिवसांची लढाई

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. आपला बीड जिल्हा मुक्त झाला. रझाकारांचा जाच सोसलेल्या लोकांस आनंद झाला, आणि तो रास्तच होता.

परंतु संप मिटला म्हणजे तंटा मिटत नाही, हे आम्हां युनियनवाल्यांस पक्के ठाऊक असते. लढाई थांबली आणि सुडाचा वणवा पेटला. केंद्राने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, फार होरपळला. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवण्यात आला. मेजर जनरल जे. एन. चौधरींचा लष्करी अंमल १९४९ च्या अखेरपर्यंत चालला. लोकनियुक्त सरकार यावयास १९५२ उजाडले.

निजामाने १९३८ साली स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्यापूर्वीच बंदी घातली होती. तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी ना. म. जोशींच्या कामगार चळवळीत आणि पुढे अंबाजोगाईच्या शाळेत काम केलेले. शाळा आणि संघटना यांतूनच नागरिक घडतो, हे त्यांनी ओळखले होते.

फौजेने निजामाची सत्ता मोडली. शेजाऱ्याच्या जिवाची हमी मात्र तिला देता आली नाही. ती आपणच एकमेकांस द्यावयाची असते. दर १७ सप्टेंबरला झेंडा लावताना त्या मृतांचीही आठवण मोकळेपणी काढू या.