तारापूरचे वापरलेले अणुइंधन : करार आणि उत्तरदायित्व

भारत-अमेरिका यांच्यातील १९६३ च्या करारानुसार उभारलेल्या तारापूर अणुविद्युत केंद्राने १९६९ मध्ये वीजनिर्मितीस प्रारंभ केला. समृद्ध युरेनियम अमेरिकेकडून येत असे. वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेस मात्र तिची संमती लाभली नाही. परिणामी ते इंधन तारापूर येथेच, प्रामुख्याने पाण्याच्या कुंडांत, साठत गेले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर पुरवठा वादग्रस्त ठरला व १९८२ मध्ये तो फ्रान्सकडे गेला. १९९३ मध्ये मूळ कराराची तीस वर्षांची मुदत संपली. इंधनातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य मात्र सुमारे २४,००० वर्षांचे आहे. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तरी तेथील उच्चस्तरीय किरणोत्सारी कचऱ्यासाठी कायमस्वरूपी भूगर्भीय स्थळ अद्याप निश्चित झालेले नाही. सारांश, अणुभट्टी बंद करण्याचा निर्णय एक पिढी घेऊ शकते; वापरलेल्या इंधनाची राखण पुढील अनेक पिढ्यांवर पडते.