वळिवड्याची शाळा

पिंपरी कॅम्प हे नाव आपल्या तोंडी इतके रुळले आहे की कॅम्प म्हणजे छावणी, हे ध्यानातही येत नाही. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून उजडून आलेल्या निर्वासितांची ही छावणी. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची हकिकतही अशीच. आज कापडबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात सिंधी कुटुंबे आली तेव्हा तिथल्या बराकी नव्या नव्हत्या. त्याआधी, 1943 ते 1948 या काळात, वळिवड्याच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले होते. त्यांत बायका आणि मुलेच जास्त.

ही मुले इतक्या दूर आली कशी?

17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी 1940 पासून लाखो माणसांना रातोरात घरांतून उचलून मालगाड्यांत कोंबण्यात आले आणि सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तानकडे नेण्यात आले. तिथे पाव मिळे तो कामाच्या मापाने. काम कमी, तर पाव कमी. मग मोठ्यांचे माप भरायला पोरांचे हातही लागत. कुणी जंगलात लाकडे ओढी, कुणी शेतात राबे. कझाकस्तानच्या उघड्या माळावर लाकूड दुर्मिळ. तिथे मुले शेण गोळा करीत, तुडवीत आणि जळणासाठी त्याच्या विटा थापत. आपल्या गोवऱ्याच म्हणा ना!

जून 1941 मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि पोलिश कैद्यांची सुटका झाली. पण सुटून जायचे कुठे? दक्षिणेकडे आलेली कित्येक कुटुंबे उझबेकिस्तानात कापूस वेचू लागली. भूक आणि टायफसने अनेक मुले यतीम झाली.

या कहाणीत रशियन म्हणजे जालीम आणि पोलिश म्हणजे मजलूम, असा सोपा हिशेब मांडता येत नाही. एप्रिल 1942 मध्ये सोव्हिएत सरकारने फर्मान काढून 12 ते 16 वर्षांच्या मुलांनाही सामुदायिक शेतीवर वर्षाला किमान 50 श्रमदिवस भरणे सक्तीचे केले. त्यात रशियन मुले होती, तशी उझबेक आणि कझाक मुसलमानांची मुलेही होती. बाप आघाडीवर गेला की त्याच्या वाट्याचे काम मुलाच्या अंगावर पडते. लढाई कुणाचीही असो, हे चुकत नाही.

1942 मध्ये लाखाहून अधिक पोलिश सैनिक आणि नागरिक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. इस्फहानने हजारो मुलांना आसरा दिला. ‘पोलिश मुलांचे शहर’ असे नावच त्याला पडले. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत यतीम मुलांसाठी छावणी उघडली. ती 1946 मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवड्याला आली.

वळिवड्याला त्यांना काय मिळाले? अन्न मिळाले, छप्पर मिळाले. पण शिक्षिका म्हणून माझी नजर अडते ती तिथल्या शाळांवर. मायदेशी कधी परतू, परतू की नाही, याचा भरवसा नसताना या लोकांनी प्राथमिक आणि माध्यमिक शाळा चालवल्या, त्याही स्वतःच्या भाषेत. ज्या हातांनी शेण थापले, त्या हातांत पुन्हा पाटी आली. मजुरीने घेतलेले बालपण पुरते परत मिळत नाही, पण जे थोडे मिळते ते शाळेच्या दारातूनच मिळते.

आमच्या चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात लढाई नाही. तरीही 2020 च्या टाळेबंदीनंतर माझ्या वर्गातला एक हुशार मुलगा परतला नाही. चौकशीला गेले तेव्हा तो भंगारातून तांब्याच्या तारा सोलत बसला होता. आई म्हणाली, “मॅडम, हाताला काम लागलं, बरंच झालं की.” तिला काय उत्तर द्यावे, मला सुचले नाही. कझाकस्तानात पाव तोलून देणारा हाकिम होता. इथे तो दिसत नाही, पण तागडी तीच आहे. गरिबीला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण ज्यांच्याकडे मुलूखही उरला नव्हता, त्यांनी आधी शाळा उघडली होती.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. पुढच्या सहलीत मुलांना तिथे न्यायचा माझा विचार आहे. त्या मुलाच्या घरी मी पुन्हा जाणार आहे. सहलीच्या यादीत त्याचे नाव मी आधीच लिहून ठेवले आहे.