संस्थानी आश्रय ते लोकवर्गणी : खाशाबा जाधव यांची कुस्ती कारकीर्द

प्रस्तावना :
पाटण खोऱ्यातून वाहत येणारी कोयना कराड येथे कृष्णेला मिळते. या संगमाच्या परिसरातील गोळेश्वर हे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव (१९२६-१९८४) यांचे गाव. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिले. प्रस्तुत लेखात त्यांच्या कारकिर्दीचा विचार कुस्तीला लाभणाऱ्या आश्रयाच्या संदर्भात केला आहे.

संस्थानी आश्रयाचा अस्त :
दक्षिण महाराष्ट्रात कुस्ती हा केवळ खेळ नव्हता, तर उपजीविकेचाही मार्ग होता. जत्रेतील इनाम आणि संस्थानिकांकडून मिळणारा खुराक यांवर मल्ल जगत असत. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापूर हे या व्यवस्थेचे प्रमुख केंद्र बनले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांना कोल्हापूरच्या महाराजांनीच अर्थसाहाय्य केले. मातीत घडलेल्या या मल्लाने तेथे गादीवरील अपरिचित कुस्तीत फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जुना आश्रय संपला होता. त्याची जागा घेणारी शासकीय क्रीडाव्यवस्था मात्र अद्याप उभी राहिली नव्हती.

हेलसिंकीचा खर्च :
१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी ही पोकळी समाजाने भरून काढली. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या या माजी विद्यार्थ्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना पराभूत केले. पुढे जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद ममादबेयोव्ह यांच्याकडून हार पत्करावी लागली, तरी कांस्यपदक निश्चित झाले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर कुस्तीची मैदाने भरवून मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे ऋण फेडले. ज्या जुन्या इनामी कुस्तीने मल्लांना पोसले, तिनेच ऑलिंपिक पदकाचे कर्जही फेडले, ही बाब लक्षणीय आहे.

उत्तरकाळ :
१९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले व सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. आता महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिन, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

निष्कर्ष :
भारताच्या पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदकाला १९९६ साल उजाडले. कुस्तीतील पुढील पदक तर २००८ मध्ये मिळाले. या दीर्घ खंडाचे कारण केवळ गुणवत्तेच्या अभावात शोधणे अपुरे ठरेल. एका प्राचार्याचा त्याग एका विद्यार्थ्याला हेलसिंकीपर्यंत पोहोचवू शकला. परंतु व्यक्तिगत त्याग ही परंपरा ठरू शकते, व्यवस्था नव्हे.