आयर्लंडची बाळंतीण आणि जवाचा पेला

1 फेब्रुवारी हा आयर्लंडमध्ये संत ब्रिजिदचा दिवस. थंडी सरत आलेली असते, मेंढ्या विऊ लागतात, घरात पुन्हा दूध दिसू लागते. ब्रिजिद ही गवळणींची संत आणि सुईणींचीही. गाय आणि बाळंतीण, दोघींची राखणदार एकच! आदल्या रात्री घरोघर बटाटे उकडून कुस्करत, त्यात कोबी मिसळत आणि मधोमध खळगा करून लोणी सोडत. हेच कोलकॅनन. अंगावर पाजणाऱ्या बाईला याहून चांगले सणाचे जेवण कोणते?

पण 1845 साली बटाट्यावर रोग पडला. 1852 पर्यंत सुमारे दहा लाख माणसे मेली. लोणी मात्र कॉर्क बंदरातून बाहेर जातच राहिले. आईच उपाशी, तिथे अंगावर दूध कुठून येणार? सूरह बकराच्या 233व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे आणि त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकलेली आहे. त्या दुष्काळात बापही उपाशी होता. जबाबदारी राज्यकर्त्यांची होती आणि ती त्यांनी पाळली नाही. 1847 मध्ये उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी एक हजार पौंड पाठवले, ही आठवण आयरिश लोक अजून काढतात.

पुढे विसाव्या शतकात तिथल्या प्रसूतिगृहांत बाळंतिणीला चक्क काळी बिअर देत. अंगात रक्त भरते, दूध वाढते, असा समज! त्यात थोडे तथ्य होते, पण ते जवाचे. जवातील एका घटकामुळे दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन वाढते. मद्यामुळे उलट दूध उतरायला अडथळा येतो आणि ते बाळाच्या पोटातही जाते. म्हणजे हराम-हलाल बाजूला ठेवले तरी हिशेब तोट्याचाच. जव हवेत तर आपली तलबीना आहेच: जवाचे पीठ, दूध, थोडा मध. हदीसमध्ये ती आजारी आणि दुःखी माणसासाठी सांगितली आहे. बाळंतिणीलाही द्यायला काय हरकत?

आयरिश स्टूमध्ये तर मुळात मटण, बटाटे आणि कांदाच. मूठभर जव टाकून मंद आचेवर शिजू द्यावा. ईदच्या दिवशी घरात बाळंतीण असेल, तर बिर्याणीशेजारी हे एक पातेले चढवायला फार कष्ट पडत नाहीत.