ॲकवर्थसाहेबाचे पोवाडे आणि महारोगाचा दाह

एम.ए.च्या वर्गाला शाहिरी वाङ्मय शिकवताना ॲकवर्थ आणि शाळिग्राम ही जोडगोळी दरवर्षी फळ्यावर लिहावी लागते. 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा त्यांचा संग्रह १८९१ साली निघाला. अगिनदासाचा अफझलखानवधाचा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा आज आपल्याला सहज वाचायला मिळतो, त्यात गोंधळ्यांच्या तोंडून हे पोवाडे उतरवून घेणाऱ्या या दोघांचा वाटा मोठा आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याविषयी अभ्यासक आदराने लिहितात. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थविषयी मात्र आपल्या वाङ्मयेतिहासांत बहुधा एवढेच असते की, हा मराठीप्रेमी इंग्रज अधिकारी होता. पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापुरात पोवाडा शिकवायचा आणि ॲकवर्थला एका ओळीत उरकायचे, ही खंत आम्हांला बरीच वर्षे होती.

पुढे लक्षात आले की मुंबईत हे नाव पोवाड्यांमुळे ओळखले जात नाही. वडाळ्याला 'ॲकवर्थ' म्हटले की लोक कुष्ठरोग्यांचे रुग्णालय दाखवतात. माणूस तोच. मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर असताना, १८९० मध्ये, त्याने रस्त्यावरच्या निराधार महारोग्यांसाठी तेव्हाच्या माटुंग्याच्या ओसाड भागात एक आश्रयस्थान उभे केले. म्हणजे एकीकडे पोवाड्यांची मुद्रिते तपासली जात होती आणि दुसरीकडे महारोग्यांच्या खोल्या बांधल्या जात होत्या. हा योगायोग आम्हांला इतका विलक्षण वाटला की त्याच्या मागे लागून आम्ही आमच्या विषयाबाहेर पुष्कळच भटकलो. त्या भटकंतीत हाती लागलेली गोष्ट पोवाड्याइतकीच रणधुमाळीची आहे. फरक एवढाच की या लढाईत किल्ला पुष्कळदा शत्रूच्या तोफांनी पडत नाही.

१८९० हे साल बिनकारणाचे नाही. आदल्या वर्षी, १८८९ मध्ये, हवाईतील मोलोकाई बेटावर महारोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले आणि युरोपभर धसका बसला. गोऱ्या माणसाला हा रोग होऊ शकतो, तर साम्राज्यातून तो इंग्लंडात येणार नाही कशावरून? हिंदुस्थानात १८९०-९१ साली एक लेप्रसी कमिशन फिरले. त्याचा निष्कर्ष आजही दाद देण्याजोगा आहे: संसर्गाची भीती फार वाढवून सांगितली जाते, सक्तीने विलग करण्याची गरज नाही. पण सरकारने ऐकले ते भीतीचे. १८९८ साली लेपर्स ॲक्ट आला आणि निर्धन महारोग्याला पकडून आश्रमात टाकण्याची मुभा मिळाली. निर्धन हा शब्द महत्त्वाचा. ज्याचे घर आहे, माणसे आहेत, त्याला कायद्याने हात लावला नाही. हा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकातून निघाले ते तर २०१९ मध्ये.

कमिशनचे म्हणणे बरोबर का होते, हे समजायला मात्र निम्मे शतक जावे लागले.

नॉर्वेतील बर्गेन येथे डॅनिएलसेन नावाच्या डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात महारोग्यांच्या गाठींतला अंश स्वतःच्या अंगात टोचून घेतला होता. त्याला काहीच झाले नाही. त्यावरून त्याने हा रोग आनुवंशिक असल्याचे मत घट्ट केले. त्याच गावात, त्याच्याच जावयाने, आर्मॉर हॅन्सनने, १८७३ साली रुग्णाच्या गाठींत काड्यांसारखे जंतू पाहिले. सासऱ्याचा प्रयोग आणि जावयाचा शोध एकमेकांना खोटे पाडतात असे वाटते; प्रत्यक्षात दोन्ही खरे होते. जंतू आहे, पण शंभरातली पंचाण्णवएक माणसे त्याला मुळात दाद देत नाहीत. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्याला रोग होण्याआधीच निकालात काढते. डॅनिएलसेन त्या बहुसंख्यांतला होता. एका घरात एकालाच रोग का होतो, शेजारी झोपणारी बायको वर्षानुवर्षे कोरडी कशी राहते, हे आपल्या खेड्यापाड्यांतले जुने कोडे त्यातून उलगडते. आपल्याकडे त्या कोड्याचे उत्तर पूर्वसंचित या शब्दाने दिले जात असे.

उरलेल्या थोड्यांचे काय होते, ही खरी कथा.

जपानच्या केन्सुके मित्सुदाने १९१९ च्या सुमारास एक साधी चाचणी मांडली. रोग्याच्या गाठींतले मेलेले जंतू दंडाच्या किंवा हाताच्या कातडीत टोचायचे आणि तीन-चार आठवडे थांबायचे. काहींच्या हातावर कठीण गाठ उठली, काहींच्या हातावर काहीच नाही. चमत्कार असा की ज्यांच्या अंगात अब्जावधी जंतू बुजबुजत होते, त्यांचीच कातडी स्वस्थ राहिली. आणि ज्यांच्या अंगावर एखाददुसरा बधिर चट्टा होता, ज्यांच्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधूनही सापडत नव्हते, त्यांच्या हातावर गाठ आली. १९६६ साली रिडली आणि जॉपलिंग यांनी हा सगळा रोग एका पट्टीवर मांडला. एका टोकाला जोरदार प्रतिकार, दुसऱ्या टोकाला शून्य, मधे तीन पायऱ्या. जंतू सगळीकडे एकच. रोगाचे रूप ठरते ते यजमानाच्या शरीरावरून. 'महारोग' हा एक शब्द वापरून आपण इतकी शतके किती निरनिराळी दुखणी एका पोत्यात भरली, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने करण्यासारखा आहे. आयुर्वेदाने सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे सांगितली. त्यांतली कित्येक आजच्या अर्थाने कुष्ठरोग नव्हेतच, तरीही निदान भेद करण्याची वृत्ती तिथे होती.

साहजिकच वाटेल की जोरदार प्रतिकार असलेला रोगी भाग्यवान. एका अर्थी आहेच; त्याचा रोग पसरत नाही. पण हा जंतू राहायला जागा निवडतो ती मज्जातंतूंत. मुंबईत टाटा रुग्णालयात आणि पुढे परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम केलेले वसंत रामजी खानोलकर यांनी १९५० च्या आसपास रोगाच्या अगदी सुरुवातीच्या डागांचे छेद तपासून जंतू मज्जातंतूंत किती लवकर शिरतो हे दाखवले. आता शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर चालून जातात त्या त्या चिंचोळ्या दोरीतच. पेशींची गर्दी होते, सूज येते, आणि मज्जातंतूला भोवतालच्या आवरणात फुगायला जागा नसते. तो चेपला जातो. कोपराजवळची शीर निकामी झाली की करंगळी-अनामिका आत वळतात. गुडघ्याजवळची गेली की पाऊल लुळे पडते. चेहऱ्याची गेली की डोळा मिटत नाही. वळलेली बोटे, फरफटणारे पाऊल, उघडा राहिलेला डोळा! महारोगी म्हणून जे चित्र आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यातला मोठा भाग जंतूने केलेला नाही. जंतू तसा आळशी, विषहीन. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात. हानी केली ती राखणदारांनी. बोटे झडतात असे आपण म्हणतो, तीही झडत नाहीत. संवेदना गेलेल्या हाताला चुलीचा चटका कळत नाही, जखम चिघळते आणि हाड हळूहळू आक्रसत जाते.

सुश्रुताने व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि कच्ची सूज कापणाऱ्या व पिकलेली तशीच सोडणाऱ्या वैद्याला सारखाच दोष दिला आहे. रोमच्या सेल्ससने लाली, सूज, उष्णता, वेदना ही दाहाची चार लक्षणे नोंदवली. दोघांच्याही लेखी दाह हे दुखणेच होते. त्याला शरीराचे संरक्षण म्हणून पाहण्याची दृष्टी मेचनिकॉफने दिली. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्याने गुलाबाचा काटा खुपसला आणि काट्याभोवती पेशी गोळा होताना पाहिल्या. तेव्हापासून प्रतिकारशक्तीची सगळी भाषा लष्करी झाली: आक्रमण, फौज, तटबंदी. आम्हां पोवाडे शिकवणाऱ्यांना ही भाषा जवळची वाटते खरी, पण कुष्ठरोगात ती फसते. इथे फौज लढली तर गाव जळते आणि न लढली तर शत्रू घराघरांत राहायला येतो. सुसान सोंटॅगने १९७८ साली आजाराच्या रूपकांवर टीका केली तेव्हा तिच्यासमोर क्षय आणि कर्करोग होते. महारोगाचे रूपक तिच्या चर्चेत यायला हवे तितके येत नाही, असे आमचे मत आहे. असो.

या कथेतला सर्वांत क्रूर भाग औषध आल्यानंतरचा. १९४० च्या दशकात सल्फोन औषधे आणि त्यातून डॅप्सोन आले. जंतू मरू लागले. आणि नेमके तेव्हा, उपचार चालू असताना, कित्येक रोग्यांचे जुने चट्टे एका रात्रीत लाल होऊन फुगू लागले, शिरा ठणकू लागल्या, काल धड असलेला हात आज वळला. दुसऱ्या प्रकारात, ज्यांच्या अंगात जंतूंची गर्दी होती, त्यांना तापाच्या लाटांबरोबर अंगभर दुखऱ्या लाल गाठी येत, डोळे सुजत. यांना 'प्रतिक्रिया' असे निरुपद्रवी नाव आहे. पहिल्या प्रकारात प्रतिकारशक्ती जागी होऊन मज्जातंतूंवर तुटून पडते. दुसऱ्यात मेलेल्या जंतूंचे अवशेष आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये यांच्या गुंत्यातून दाह भडकतो. डॉक्टरला हे ठाऊक होते. पण रोग्याच्या बाजूने पाहा. औषध घेण्याआधी बोटे सरळ होती, घेतल्यावर वळली. त्याने गोळ्या विहिरीत फेकल्या आणि गावातल्या इतरांना सांगितले, तर त्याला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचे? आपल्या समाजसुधारणेच्या लेखनात औषध टाकून पळणारा रोगी नेहमी अंधश्रद्धेच्या खात्यात जमा होतो. तो अनुभवाने वागत होता.

या दाहावर उतारा सापडला तो भलत्याच बदनाम बाटलीत. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गर्भवतींनी घेतल्यामुळे हजारो मुले हातपायांवाचून जन्मली आणि १९६१ साली ते बाजारातून काढले गेले. जेरुसलेमच्या कुष्ठरुग्णालयात याकोब शेस्किन यांनी झोपेवाचून तळमळणाऱ्या एका रुग्णाला ते दिले, आणि झोपेबरोबर त्याच्या गाठीही बसल्या. १९६५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. असे का झाले याचा उलगडा १९९० च्या दशकात झाला: दाह पेटवणारे 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' नावाचे एक द्रव्य त्याने कमी होते. पुढे सांधेदुखीपासून आतड्यांच्या दाहापर्यंत अनेक आजारांत याच द्रव्याला वेसण घालणारी महागडी औषधे आली. ती घेणाऱ्या सुस्थितीतल्या रुग्णाचे आणि वडाळ्याच्या आश्रयिताचे नाते कुठे जुळते, हे त्या दोघांनाही कोणी सांगितले नसेल.

उलट दिशेचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. झोपलेल्या प्रतिकारशक्तीला जागे करता येईल का? परळच्या त्याच संस्थेत बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली कुष्ठरुग्णापासून मिळवलेले एक जंतुकुल प्रयोगशाळेत वाढवले. (खुद्द कुष्ठरोगाचा जंतू काचेच्या नळीत आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही.) त्यावरून पुढे माधव देव आणि सहकाऱ्यांनी लस तयार केली, दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. रणदिवेबाईंचे नाव आमच्या विद्यार्थिनींना ठाऊक नसते, याची लाज त्यांना नव्हे, आम्हांला वाटायला हवी.

मराठी मनाने या रोगाकडे पाहिले ते करुणेच्या वाटेने. सेवाग्रामला परचुरेशास्त्रींचे अंग चोळणारे गांधीजी, दत्तपूरचे मनोहर दिवाण, अमरावतीचे शिवाजीराव पटवर्धन, आनंदवनाचे बाबा आमटे. यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या सगळ्या लेखनात शरीराच्या आत काय चालले आहे याची चौकशी फार क्वचित दिसते. आमच्याकडे शेंडा पार्कातल्या वसाहतीविषयीही लोक बोलतात ते कणव किंवा जमिनीचे भाव या दोनच सुरांत.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये, दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण झाल्यावर, कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जाहीर केले. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजून आपल्याच देशात सापडतात. त्यांना मिळणाऱ्या मोफत पाकिटातल्या रिफाम्पिसिनचा पहिला डोस जवळजवळ सगळे जिवंत जंतू मारतो. मेलेले जंतू मात्र शरीरात वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि शरीर त्यांच्याशी भांडत राहते. त्यामुळे पाकीट संपले, रोगी कागदावर बरा झाला, तरी पुढची काही वर्षे एखाद्या सकाळी कोपरापाशी कळ आली किंवा चट्टा लाल झाला तर त्याने त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या तर हात वाचतो.